नाशिकच्या हिवाळ्यात स्पोर्ट्स कार: पहाटेचा गारठा, दुपारचे ऊन आणि मधली काळजी

स्पोर्ट्स कारसोबत जे जाडजूड माहितीपुस्तक मिळते, त्यातील हिवाळ्याचे प्रकरण बहुधा युरोपातील रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. बर्फ, रस्त्यावर पसरलेले मीठ, चाकांना बांधायच्या साखळ्या यांच्याशी नाशिककराचा काही संबंध येत नाही, त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते’ असे म्हणून ते प्रकरण न वाचताच मिटले जाते. प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील किमान तापमान रोज वर्तमानपत्रांत झळकू लागते, तेव्हा नाशिक शहरातही पहाटे ८ ते १० अंश सेल्सिअस हे नवल राहत नाही आणि थंडीची लाट आली की पारा त्याखालीही उतरतो. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता मात्र अंगातला स्वेटर काढावा लागतो, कारण ऊन २८ अंशांवर गेलेले असते. एकाच दिवसातला हा वीस अंशांचा चढउतार हीच आपल्या हिवाळ्याची खरी अडचण आहे. टायरमधील हवा, इंजिनातील तेल, बॅटरी आणि रंगावर साचणारे दव यांची पुढे सांगितलेली बहुतेक काळजी या एका फरकातून निघते.

त्यात आणखी एक गंमत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. थंड हवा दाट असते. ३० अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांच्या हवेची घनता सुमारे सात टक्क्यांनी अधिक भरते, म्हणजे तेवढाच अधिक प्राणवायू सिलिंडरमध्ये जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची जी थोडी ताकद एरवी इथे कमी होते, ती हिवाळ्याच्या पहाटे जवळजवळ भरून निघते. गाडी हलकी, तरतरीत, पायाखाली धावायला आतुर वाटते. नेमक्या त्याच वेळी टायरचे रबर गारठलेले असते आणि रस्त्यावर दव असते. ताकद सर्वाधिक आणि पकड सर्वांत कमी, असा हा पहाटेचा योग असतो.

टायर

स्पोर्ट्स कारला कारखान्यातून जे टायर बसवून येतात (मिशेलिनचे पायलट स्पोर्ट किंवा पिरेलीचे पी झीरो), ते उन्हाळी टायर या वर्गात मोडतात. त्यांचे रबर उष्णतेत चिकट राहावे अशा हिशोबाने बनवलेले असते. तापमान साधारण ७ अंशांच्या आसपास आले की ते कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतण्याची त्याची क्षमता कमी होते. पायलट स्पोर्ट कप २ सारख्या, शर्यतीच्या ट्रॅकसाठीच्या टायरांत हा फरक अधिक ठळक असतो; ओल्या आणि गार रस्त्यावर त्यांच्यावर विसंबणे धाडसाचेच आहे. तरीही नाशिकसाठी वेगळे हिवाळी टायर घेण्याचा खर्च मला अनाठायी वाटतो, कारण त्यांचे मऊ रबर दुपारच्या उन्हात झपाट्याने झिजेल आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी लुळी पडल्यासारखी वाटेल. आहे तेच टायर नीट सांभाळणे आणि त्यांची मर्यादा ओळखून गाडी चालवणे पुरेसे आहे.

दिवाळी आटोपली की प्रथम टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२१’ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी चालणाऱ्या गाड्यांत खाचा भरपूर शिल्लक असतात आणि त्यावरून मालक टायर नवा समजतो, पण रबर मात्र आतून म्हातारे झालेले असते. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि बाजूच्या भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर खाचा कितीही खोल असल्या तरी टायर बदलावा. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली चालते. मात्र ओल्या रस्त्यावर रुंद टायरला ३ मिलिमीटरखाली भरवशाचे मानू नये.

यानंतर हवेचा दाब. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय असल्याने त्याचा हिशोब सविस्तर मांडतो. समजा, दुपारी तासभर गाडी चालवून आपण पेट्रोल पंपावर हवा तपासली. टायरच्या आतील हवा तेव्हा ५० अंशांपर्यंत तापलेली असू शकते. तिथे काटा ३३ पीएसआय दाखवतो, म्हणून आपण निश्चिंत होऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ९ अंशांत तोच टायर साधारण २७ पीएसआयवर आलेला असतो, एक थेंबभरही हवा न गळता. इतक्या कमी दाबावर स्टिअरिंग जड आणि आळशी होते, टायरच्या कडा झिजतात, आणि खड्ड्यात गेल्यास पातळ टायर असलेल्या गाडीची अलॉय रिम वाकण्याची भीती वाढते. हवेच्या दाबाचा पिवळा दिवा पहाटे लागतो आणि गाडी थोडी पळाल्यावर आपोआप विझतो, यामागेही बहुधा हेच कारण असते. सेन्सर बिघडला असे समजून कोणी त्यावर पैसे घालवू नयेत.

म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, घरीच तपासावी. त्यासाठी चांगल्या प्रतीचा स्वतःचा गेज आणि डिकीत मावणारा छोटा इलेक्ट्रिक पंप ठेवावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला दाब हा थंड टायरचा असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे अनेकदा वेगळे असतात, ते तसेच पाळावेत. तापमानात दर १० अंशांच्या घसरणीला साधारण दीड ते दोन पीएसआय कमी होतात, हे लक्षात ठेवले की घाट उतरून कोकणात जाताना आणि परत येताना काटा का हलला हे कोडे पडत नाही. नायट्रोजन भरला की दाब बदलत नाही असे टायरच्या दुकानांत ठासून सांगितले जाते, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि थंडीत दोन्ही सारखेच आकसतात. नायट्रोजन कोरडा असतो एवढा त्याचा लाभ खरा. पहाटेच्या तपासणीला तो पर्याय ठरत नाही.

बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, फक्त पंक्चर बुजवण्याच्या द्रवाची बाटली असते. त्या बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती आजच पाहून ठेवावी.

गाडी सुरू करणे आणि पहिली पंधरा मिनिटे

पहाटे इंजिन सुरू होताच त्याचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) १२०० ते १५०० च्या आसपास चढतात आणि आवाज मोठा होतो, कारण धुरातील विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) लवकर तापावा यासाठी संगणकच तशी व्यवस्था करतो. हे आवाज चढलेले अर्धे-एक मिनिट जाऊ द्यावे, फेरे खाली बसले की निघावे. दहा-दहा मिनिटे जागेवर गाडी गरम करत ठेवण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आजच्या थेट इंधन फवारणीच्या इंजिनात थंडपणी जास्तीचे पेट्रोल सोडले जाते, त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते आणि तेल पातळ होते. शिवाय जागेवर उभ्या गाडीत गिअरबॉक्स, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल, शॉक अब्सॉर्बर आणि टायर यांतील काहीही धड तापत नाही. सोसायटीतील शेजाऱ्यांची साखरझोप हा मुद्दा वेगळाच. बंद गॅरेजमध्ये तर शटर उघडल्याशिवाय इंजिन सुरूच करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

निघाल्यावर मुख्य पथ्य एकच आहे, ते म्हणजे तेल तापेपर्यंत गाडीवर जोर टाकायचा नाही. इथे बहुतेक जण फसतात ते पाण्याच्या तापमानाचा काटा पाहून. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे हे पाणी, पाच-सात मिनिटांत मध्यावर येते, तेलाला मात्र त्याच्या दुप्पट किंवा अधिक वेळ लागतो. तेलाचे तापमान दाखवणारा वेगळा काटा असेल तर तो ८० अंशांवर जाईपर्यंत थांबावे. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत फेऱ्यांच्या काट्यावरील लाल पट्टी थंडपणी खाली असते आणि तेल तापते तशी वर सरकते, ही फार समजूतदार रचना आहे. असा काटा नसलेल्या गाडीत पाणी मध्यावर आल्यानंतर आणखी आठ-दहा किलोमीटर तरी फेरे ३००० च्या आत ठेवावेत आणि अॅक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबू नये. गंगापूर रोडवरून निघालेला माणूस शहराबाहेर पडेपर्यंत हे अंतर सहज पूर्ण होते, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. याच काळात हाताने गिअर बदलायच्या गाडीत दुसरा गिअर अडखळत पडतो. त्यावर बळ न लावता क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबावे, गिअरबॉक्समधील तेल तापले की तो लोण्यासारखा पडू लागतो.

तेलाच्या डब्यावरील ‘०डब्ल्यू-४०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंडपणी तेल किती प्रवाही राहील ते सांगतो आणि दुसरा तापल्यावरचा घट्टपणा. नाशिकच्या थंडीत शून्य आणि पाच यांतील फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. कंपनीने जे लिहिले आहे तेच वापरावे. थंडी आली म्हणून पातळ आणि उन्हाळा आला म्हणून घट्ट तेल, असे सल्ले मिळाले तर ऐकून सोडून द्यावेत. कमी चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला बदलावे, कारण छोट्या छोट्या थंड फेऱ्यांत साचलेले पेट्रोल आणि ओलावा त्यात राहतो.

ब्रेकचेही असेच. रात्रभर दव पडल्यावर लोखंडी डिस्कवर नारिंगी गंजाची पातळ साय दिसते आणि पहिल्या दोन-तीन वेळा खरखर ऐकू येते; ते निरुपद्रवी आहे. कार्बन-सिरॅमिक डिस्क किंवा ट्रॅकचे पॅड असतील, तर मात्र पहिले काही ब्रेक लाकडी वाटतात आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. वस्तीतून बाहेर पडण्याआधी मागे कोणी नसल्याची खात्री करून तीन-चार वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावेत.

रस्त्यावर

पहिल्या काही किलोमीटरमध्ये टायर गार असताना गाडीचा स्वभाव तिच्या रचनेप्रमाणे बदलतो. इंजिन मागे किंवा मध्यभागी असलेल्या गाडीची पुढची चाके हलकी असतात, त्यामुळे ती उशिरा तापतात आणि वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना अशी रचना असेल, तर चौकातून वळताना जरा जास्त अॅक्सिलरेटर दिला तरी मागचा भाग सरकतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली म्हणजे या कटकटीतून सुटलो असे मानणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की ती रचना वेग घेताना मदत करते, थांबताना नाही. थांबताना तेच चार गारठलेले टायर कामाला असतात. ओल्या रस्त्यासाठी वेगळा मोड असेल तर दव असेपर्यंत तो लावावा. गाडी घसरू लागताच आपोआप सावरणारे स्थैर्य नियंत्रण (ईएससी) बंद करायचे बटण हिवाळ्यातल्या सार्वजनिक रस्त्यासाठी नाही.

आपल्याकडे धुके सलग नसते, पट्ट्यापट्ट्यांनी येते. गोदाकाठ, गंगापूर धरणाचा परिसर, निफाडकडचे कालवे इथे अचानक पांढरी भिंत समोर उभी राहते आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा लख्ख ऊन असते. कडाक्याच्या दिवसांत द्राक्षाचे घड वाचवण्यासाठी बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, त्या धुराची धुक्यात भर पडते. अशा वेळी वरचा दिवा (हाय बीम) लावला तर प्रकाश परत डोळ्यांवर येतो, म्हणून खालचा दिवा (लो बीम) आणि पुढचे फॉग लॅम्पच ठेवावेत. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर तो धुक्यात आवर्जून लावावा आणि धुके संपताच आठवणीने बंद करावा. स्पोर्ट्स कारचा खरा धोका तिच्या उंचीत आहे: ट्रकच्या केबिनमधून पाहणाऱ्याला ती धुक्यात नजरेच्या रेषेखाली जाते. ट्रकच्या डाव्या कुशीत किंवा अगदी मागे रेंगाळू नये. एक तर बरेच अंतर सोडावे, नाही तर रस्ता स्वच्छ दिसत असताना झटकन पुढे जावे. आणि पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या दिशेने निघालेली कांद्याची ट्रॉली मागचा दिवा नसताना समोर असू शकते, हे गृहीत धरूनच वेग ठरवावा. शेतातून डांबरावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती दवाने भिजली की तिथे पकड जवळजवळ उरत नाही. वळणाच्या अलीकडे असा तपकिरी पट्टा दिसला की ब्रेक त्यावर नव्हे, त्याच्या आधी संपवावा.

काचेवर आतून बाष्प धरले तर एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडावी आणि आतल्याआत फिरणाऱ्या हवेचे बटण बंद करावे. थंडी आहे म्हणून एसी नको, हा समज चुकीचा आहे, कारण हवेतील ओलावा एसीच काढतो. याच्या उलट प्रकार मुंबईकडे जाताना घडतो. समृद्धी महामार्गावर इगतपुरीनंतर सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा ओलांडून गाडी कोकणाच्या बाजूला उतरते, तेव्हा तिथली उबदार दमट हवा गार काचेवर बाहेरून बाष्प धरते. ते आतून कितीही पुसले तरी जात नाही. वायपर एकदा फिरवावा आणि काचेवरचा गार झोत बंद करावा.

याच महामार्गावर गाड्यांना १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि सिमेंटच्या सरळ रस्त्यावर ती सहज ओलांडली जाते. दंडाचा विषय बाजूला ठेवला तरी पहाटे २७ पीएसआयवर निघालेला टायर अशा सलग वेगात वारंवार दबून तापतो, आणि टायर फुटण्याची सुरुवात बहुधा कमी हवेतून होते. हवेचा दाब न तपासता सिन्नरजवळ गोंद्याहून वर चढू नये.

गाडीची खरी मजा घ्यायची असेल, तर सकाळी दहा ते दुपारी चार हा काळ निवडावा. तेव्हा दव उडालेले असते, रस्ता कोरडा आणि कोमट असतो, हवा मात्र उन्हाळ्यापेक्षा दाटच असते. वणीमार्गे सापुताऱ्याचा किंवा त्र्यंबकहून जव्हारचा रस्ता या वेळेत जे सुख देतो, ते मे महिन्यात मिळत नाही. चारनंतर पश्चिमेकडे निघणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरपे ऊन येते आणि स्पोर्ट्स कारच्या खूप तिरप्या पुढच्या काचेवर आतून साचलेली तेलकट धूळ अशा वेळी पूर्ण आंधळे करते, म्हणून काच आतूनही पुसलेली असावी. छत उघडणारी गाडी असणाऱ्यांना एक जादा सूचना: संक्रांतीच्या आसपास शहरात आणि विशेषतः येवल्याकडे छत बंदच ठेवावे. बंदी असूनही नायलॉन मांजा आडवा येतो आणि उघड्या गाडीत तो थेट गळ्याच्या उंचीवर असतो.

रंग, दव आणि सकाळचे फडके

हिवाळ्यात रंगाचे सर्वाधिक नुकसान ऊन-वाऱ्याने होत नाही, ते सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्याच्या फडक्याने होते. रात्री धूळ बसते, पहाटे त्यावर दव पडते, आणि त्याच बादलीतले, आधी दहा गाड्या पुसलेले फडके बॉनेटवरून गोल गोल फिरते. उन्हात तिरपे पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे दिसतात, ते इथून येतात. पुसणाऱ्याला महिन्याचे पैसे द्यावेत, पण या गाडीला हात लावू नकोस असे गोडीने सांगावे.

गाडी आठवड्यातून एकदा, सकाळी नऊनंतर सावलीत धुवावी. आधी नुसत्या पाण्याच्या झोताने धूळ उतरवावी, मग गाडीचा शाम्पू असलेली एक बादली आणि हात-मोजा विसळण्यासाठी दुसरी, अशा दोन बादल्या ठेवून वरून खाली यावे. बोअरवेलचे पाणी जड असते आणि ते वाळले की पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. धुतल्यावर गाडी तशीच उभी न करता एक चक्कर मारून ब्रेक कोरडे करावेत, नाही तर हँडब्रेक चिकटतो.

दिंडोरी किंवा निफाडकडे द्राक्षबागांच्या कडेने जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. ब्लोअरने होणाऱ्या फवारणीचा तुषार वाऱ्याने रस्त्यापर्यंत येतो. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. त्याचे निळसर ठिपके उन्हात वाळले की रंगाला धरून बसतात. ते नखाने किंवा कोरड्या कपड्याने खरवडू नयेत, त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवून उतरवावेत.

काही आठवडे उभी राहणारी गाडी

उभ्या गाडीत प्रथम मरते ती बॅटरी. गाडी किमान रात्रभर बंद राहिल्यावर मल्टिमीटरने बॅटरीचा विद्युतदाब मोजावा: १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० च्या जवळ आली की वाट न पाहता चार्ज करावी. अलार्म, जीपीएस ट्रॅकर आणि बाहेरून बसवलेला डॅशकॅम रात्रंदिवस थोडी थोडी वीज खात असतात. गारठ्यात बॅटरीची जोर देण्याची क्षमता कमी होते आणि तेल घट्ट झाल्याने स्टार्टरला जोर मात्र जास्त लागतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करणे हा उपाय नाही, कारण सुरू करताना गेलेली वीज तेवढ्यात परत भरत नाही आणि एग्झॉस्टमध्ये पाणी साचते. पार्किंगमध्ये वीज असेल तर बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा स्वयंचलित ट्रिकल चार्जर जोडून ठेवावा. नसेल तर आठवड्याला तीस-चाळीस मिनिटे गाडी खरोखर चालवावी. पोर्शे ९११ सारख्या गाडीत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी उघडायलाही वीज लागते. फ्यूज बॉक्समधील आपत्कालीन जोडणी कुठे आहे ते बॅटरी जिवंत असतानाच शोधून ठेवावे.

टाकी भरून ठेवावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा भरावी, मात्र टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि निघताना ती पूर्ववत करावी. सपाट जागी गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढून ठेवू नये. कव्हर हवा खेळती राहील अशा कापडाचे असावे आणि ते फक्त स्वच्छ, कोरड्या गाडीवर घालावे.

उरला उंदीर. थंडीत तो उबदार इंजिनाच्या आसऱ्याला येतो आणि वायरी कुरतडतो. पार्किंगमध्ये धान्य, पक्ष्यांचे दाणे किंवा कचरा ठेवू देऊ नये, दर चार दिवसांनी इंजिनाचे झाकण उघडून टॉर्चने पाहावे. लेंड्या, कापसाचे तुकडे किंवा पानांचा घरटेवजा ढीग दिसला तर गाडी सुरू करण्यापूर्वी आधी वायरी तपासून घ्याव्यात, आणि एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा, कारण घरटे तिथेच सापडण्याचा संभव जास्त असतो.